तुम्ही विचारलंत म्हणून: एका बटणावर चालणारा सर्व्हर नवख्यांनी घ्यावा का?

मी घरी स्वतःचा सर्व्हर (फोटो, फायली सांभाळणारा, कायम चालू असलेला संगणक) चालवतो हे कळलं की दोन-चार वाक्यांतच हा प्रश्न येतो. कासाओएस, अंब्रेल, युनोहोस्ट असलं, डॅशबोर्डवरच्या (ब्राउझरमधल्या पानावरच्या) एका बटणाने ॲप बसवून देणारं काहीतरी टाकून सुरुवात करू, की आधी लिनक्स ही संगणकप्रणाली आणि डॉकर, म्हणजे प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन, व्यवस्थित शिकून घेऊ? विचारणाऱ्याच्या ओळखीत बहुतेक वेळा एक जाणकार असतोच, आणि त्याने ठासून सांगितलेलं असतं की ही बटणं म्हणजे पोरखेळ, खरं काम टर्मिनलवर, आज्ञा टाइप करून.

माझं उत्तर: बटणवालं घ्या, आणि खुशाल घ्या.

या वाटेला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना लिनक्स शिकायचं असतं. गूगल फोटोजमधली मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021 ला बंद झाली, 15 जीबी भरले, दर महिन्याला पैसे भरायचा कंटाळा आला, म्हणून माणूस विचारतो की हे फोटो घरच्या घरी ठेवता येतील का. त्याला इमिच, म्हणजे घरच्या सर्व्हरवर चालणारं फोटोंचं ॲप, हवं असतं. त्याच्या हातात आपण परवानग्या, सबनेट आणि रिव्हर्स प्रॉक्सी असली तांत्रिक जंत्री ठेवली, तर आठवड्याभरात तो मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो. शिवाय नाक मुरडणारे जाणकार तरी कुठे सगळं सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधतात? 2013 साली आलेलं डॉकर हीसुद्धा सोयच. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या आधी एचटीटीपीएसचं (सुरक्षित वेब जोडणीचं) प्रमाणपत्र बहुधा विकत घ्यावं लागे, हाताने बसवावं लागे. ते गेल्याचं दुःख करणारा मला तरी अजून भेटलेला नाही. आपण शिकलो तिथवरची सोय रास्त आणि त्यापुढची लाड, असा हा हिशोब आहे.

आपल्याकडे तर काही बाबतींत सोपा मार्गच जास्त शहाणपणाचा. भारतातल्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. जुनी मार्गदर्शकं वाचून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्यासाठी सर्व्हरकडे दार उघडणं) करत बसलात तर रात्र जाईल आणि बाहेरून काहीही दिसणार नाही, कारण अडथळा तुमच्या राउटरच्या पलीकडे आहे. टेलस्केल (तुमची उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाका, फोनवर लॉगिन करा, झालं. आत वायरगार्डच (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) आहे, आणि जगासाठी एकही पोर्ट उघडं राहत नाही. त्यातला समन्वयाचा सर्व्हर (उपकरणांची एकमेकांशी गाठ घालून देणारा) कंपनीचा असतो म्हणून ते ‘खरं’ सेल्फ-होस्टिंग (सगळं स्वतःच चालवणं) नाही, असं कोणी म्हणालंच तर म्हणू द्या. पुढे वाटलं तर तो सर्व्हरही स्वतः चालवायला हेडस्केल आहेच.

मग अडतं कुठे? बसवण्याच्या दिवशी कुठेच नाही. अडतं ते अपडेटच्या दिवशी.

फायली ठेवायच्या नेक्स्टक्लाउड या ॲपचं घ्या. त्याची मोठी आवृत्ती एका वेळी एकच चढता येते. 27 वरून 28, मग 29. मधली पायरी गाळता येत नाही. वर्षभर कोणी लक्ष दिलं नाही आणि एक दिवस डॅशबोर्डवरचं ‘अपडेट’ दाबलं, तर डॉकर निमूट सगळ्यात नवी प्रतिमा (ॲपची तयार बांधलेली ‘इमेज’) उतरवतं, कंटेनर चालू होतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. डॅशबोर्ड दाखवतो फक्त लाल ठिपका. कारण लॉगमध्ये (ॲपच्या नोंदवहीत) स्वच्छ लिहिलेलं असतं: इतक्या आवृत्त्यांची उडी चालत नाही, एकेक चढा. उपायही सोपा आहे, प्रतिमेच्या नावापुढे नेमका आकडा लिहायचा आणि एकेक पायरी वर यायचं. पण लॉग नावाची गोष्ट असते, ती अमुक ठिकाणी दिसते, हे ज्याला कधी दिसलंच नाही तो या ठिपक्याकडे बघत बसतो आणि शेवटी ‘अनइन्स्टॉल’ दाबतो. तिथे ‘डेटाही काढायचा का?’ असा चौकोन असू शकतो, आणि घाईत त्यावर टिक पडते.

मावसभावाकडे याहून साधं घडलं. मिनी पीसीला चार टीबीची बाहेरची डिस्क जोडलेली, फोटो तिथे जायचे. पुण्यात गुरुवार म्हणजे वीजदुरुस्तीचा वार. वीज आली, पीसी उठला, डिस्क मात्र वेळेत जागी झाली नाही. कंटेनरला ठरलेल्या नावाचं फोल्डर सापडलं, ते रिकामं होतं, त्याने तक्रार न करता नवे फोटो तिथेच ओतायला सुरुवात केली. म्हणजे पीसीच्या आतल्या छोट्या एसएसडीवर. ती भरून सगळं ठप्प झालं तेव्हा त्याचा फोन आला, ‘अरे, जुने फोटो गेले!’ गेले नव्हते, डिस्कवर जसेच्या तसे होते. डॅशबोर्ड मात्र पूर्ण वेळ हिरवा.

म्हणून साधन निवडताना बसवायला किती सोपं हे मी बघतच नाही. झाकण उघडतं का, म्हणजे आतलं दिसतं आणि बाहेर काढता येतं का, ते बघतो. कासाओएस ॲपचा डेटा ‘डेटा’ फोल्डरातल्या ‘ॲपडेटा’मध्ये साध्या फायलींच्या रूपात ठेवतं आणि आत नेहमीचंच डॉकर कंपोज (ॲप कसं चालवायचं ते एका फाइलमध्ये लिहायची पद्धत) वापरतं. उद्या कासाओएस काढून टाकलं तरी ती फाइल घेऊन दुसरीकडे जाता येतं. युनोहोस्ट ॲप अपडेट करण्याआधी स्वतःहून बॅकअप घेतं. नेक्स्टक्लाउडच्या ‘ऑल-इन-वन’मध्ये बोर्ग या साधनाचा बॅकअप आतच आहे. उलट, ट्रूनॅस स्केल या साठवणीच्या सर्व्हरप्रणालीने ऑक्टोबर 2024 च्या 24.10 आवृत्तीत कुबरनेटिस (कंटेनर सांभाळणारी दुसरी यंत्रणा) सोडून डॉकर घेतलं, तेव्हा त्यांची स्वतःची ॲप्स आपोआप स्थलांतरित झाली, पण ट्रूचार्ट्स या बाहेरच्या यादीतून घेतलेल्यांना ती वाट मिळाली नाही. बटण तेच, पण त्यामागे कोण उभं आहे हे दाबणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नव्हतं.

दोन ठिकाणी मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. एक, असले डॅशबोर्ड थेट इंटरनेटवर उघडे ठेवणं. 2023 मध्ये कासाओएसमध्ये अशा दोन त्रुटी सापडल्या की पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. 0.4.4 मध्ये त्या बुजवल्या, पण अपडेट न करणाऱ्यांचं काय? दुसरं, मेल. युनोहोस्ट मेल सर्व्हरही तयार देतं, म्हणून तोही फोटोंइतकाच सोपा वाटतो. घरगुती जोडणीवर मेल पाठवण्याचं पोर्ट 25 बहुधा बंद असतं, उलटी डीएनएस नोंद (डीएनएस नावावरून आयपी पत्ता शोधतं, ही पत्त्यावरून नाव सांगते) इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हातात, आणि गेलेलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये. यावर कुठलंही बटण चालत नाही.

बसवल्यावर लगेच एक काम करा. ॲपमध्ये दोन-चार निरुपयोगी फोटो टाका, बॅकअप घ्या, ॲप डेटासकट उडवा आणि परत आणा. परत आले तर खरे फोटो चढवा, आणि फोनवरचे लगेच पुसू नका. आले नाहीत तर साधन बदला, अजून काहीच गेलेलं नाही. आणि पहिलं ॲप म्हणून पाय-होल (घराचं डीएनएस सांभाळून जाहिराती अडवणारं) लावू नका, कितीही सोपं असलं तरी. फोटोंचा सर्व्हर पडला तर फक्त तुम्हाला कळतं. घराचं डीएनएस पडलं की आईचं यूट्यूब, बाबांचं यूपीआय आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग एकदम थांबतात, आणि तुम्ही नेमके तेव्हाच ऑफिसात असता.