दारात दोघी

कळव्यात 26 जुलै म्हटलं की आधी पाणीच आठवतं. 2005 सालची ती तारीख. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी रुळांवरून चालत घरी पोचल्या ते दुसऱ्या दिवशी. दरवर्षी त्या तारखेला मावशी ही गोष्ट सांगतात आणि दरवर्षी गोष्टीतलं पाणी वीतभर चढतं. शाळेचा 26 जुलै वेगळा असतो. फुलांनी सजवलेला फळा, देशभक्तीपर गीत, भाषणं: कारगिल विजय दिवस. मी सांगतेय ती गोष्ट त्या दिवसाच्या दोन दिवस आधीची. साल आणि नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलीला छकू म्हणू या.

मी या शाळेत आठवड्यातून चार दिवस समुपदेशक म्हणून येते. छकूची आणि माझी ओळख झाली ती मात्र ऑफिसच्या खिडकीशी. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. एक बाई निळी फाईल छातीशी धरून खिडकीपुढे उभ्या होत्या, बाजूला सातवीतली मुलगी. तिसरी खेप होती त्यांची. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. बेळगाव, भटिंडा, जबलपूर अशा बदल्या झालेल्या, आणि आता फील्ड पोस्टिंग, म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही. अशा वेळी काहीजणी आधीच्याच स्टेशनात क्वार्टर ठेवतात, काही गावी सासूसासऱ्यांकडे जातात. या ताईंनी भावाजवळ राहायचं ठरवलं आणि खारेगावात वन रूम किचन भाड्याने घेतलं. गाव सातारा जिल्ह्यातलं. तिकडे घरटी एक माणूस फौजेत असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

खिडकीमागचे क्लार्क, ज्यांना सगळे भाऊच म्हणतात, सांगत होते, परराज्यातला दाखला आहे, तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. शिवाय जुन्या शाळेने यूडायस पोर्टलवर, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी नोंदीत, मुलीला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलेलं नाही, म्हणून तिचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, घालूनही ती इकडे ओढता येत नाही. आणि दाखल्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग एक, फौजेच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या तिथल्या नोंदीत, दुसरं. मी मध्ये तोंड घातलं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भाऊ म्हणाले, "कायदा पाठ आहे मॅडम, पण पोर्टलला कोण सांगणार?" ते काही वाईट गृहस्थ नाहीत. पोर्टलपुढे ते माझ्याइतकेच हतबल आहेत. मुलीला त्याच दिवशी वर्गात बसवलं आणि कागद मागाहून आले, एकेक करत, थेट गणपतीपर्यंत.

त्या निळ्या फाईलच्या मागच्या कप्प्यात चार शाळांची ओळखपत्रं होती. पहिल्यात दोन शेंड्या आणि पडलेला दात, चौथ्यात कंगव्याने चापून बसवलेले केस. आमचं पाचवं.

मग मी तिचा अभ्यास पाहिला. या मुलांच्या डोक्यात भोकं कुठे असतात ते गुणपत्रिकेवरून कळत नाही. अन्नसाखळी ती तीन शाळांत तीनदा शिकली होती, अगदी गरुडापर्यंत तोंडपाठ. गुणोत्तर मात्र एकदाही नाही. जिथून निघाली तिथे तो धडा पुढे यायचा होता आणि जिथे पोचली तिथे होऊन गेला होता. केंद्रीय विद्यालयं 1963 साली 20 रेजिमेंटल शाळांपासून सुरू झाली ती याच कटकटीपायी, की बापाची बदली झाली तरी पोराचं पुस्तक बदलू नये. छकूच्या दोन शाळा तशाच होत्या. पण आमची शाळा राज्य मंडळाची, आणि ताईंना भावाच्या घरापासून चालत जाता येईल अशीच शाळा हवी होती. तेही मला चूक वाटत नाही. बाप लांब असताना मामा दहा मिनिटांवर असणं ही काही थोडी गोष्ट नव्हे.

भाषेचं वेगळंच. घरात मराठी, तीही खणखणीत साताऱ्याची. शाळेत मात्र हिंदी आणि इंग्रजी. देवनागरी तिला फाडफाड वाचता यायची, पण हिंदीच्या वळणाने. बोलताना "माज्याजवळ" बरोब्बर म्हणणारी पोर पुस्तकातलं "जवळ" वाचताना ज हिंदीचा करायची आणि ळ चा ल. ज्या पलटणीची युद्धघोषणाच 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आहे, तिथल्या हवालदाराच्या मुलीने आपल्याकडचं चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक हातातही धरलेलं नव्हतं. वर पहिल्याच आठवड्यात बाईंनी काही विचारल्यावर ती म्हणाली, "न्हाई, बाई." झालं. मागच्या बाकावरून दोन दिवस "न्हाई, न्हाई" असा गजर चालला. त्यानंतर तिने वर्गात मराठी बोलणं सोडलं. सातारची पोर कळव्यात येऊन हिंदीत उत्तरं देऊ लागली.

हे मला दिसत होतं. पोरांना बोलावून मी दम दिला, गणिताच्या सरांना सांगून गुणोत्तराचे तास लावले आणि मनात म्हटलं, रुळेल हळूहळू.

24 जुलैला मराठीच्या बाई भाषण घेऊन आल्या. एक पानभर, सुवाच्य अक्षरात. मे ते जुलै 1999, टायगर हिल, 527 जवानांचं बलिदान, सगळं नीट. शेवटी एक ओळ: "माझे बाबाही देशासाठी प्राण द्यायला सदैव तयार आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे." कल्पना अशी की छकूने हे भाषण करायचं, म्हणजे वर्गातल्या पोरांचंही तोंड बंद होईल आणि तिचंही कौतुक. मी वाचलं. छान आहे म्हटलं. हे लिहिताना आजही हात अडतो, पण म्हटलं होतं खरं. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, तर इतक्या खूश की म्हणाल्या, चला, आपण दोघीच जाऊन सांगू तिला, पोरीला बरं वाटेल.

तिसरा तास, गणिताचा. आम्ही दारात उभ्या राहिलो. सरांनी खडू खाली ठेवला. मॅडमनी तिचं नाव घेतलं आणि "जरा बाहेर ये हं बाळा" म्हणाल्या, नेहमीपेक्षा मऊ आवाजात.

छकूने आमच्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. कंपासपेटी मिटली. मग एकेक वही दप्तरात घालू लागली, मोठ्या मागे, छोट्या पुढे, घाई अजिबात नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. वर्ग बघत होता. मॅडम हसल्या, "अगं, घरी नाही जायचंय, राहू दे दप्तर!" तिने ऐकलं नाही. दप्तर पाठीला लावून आमच्या मागून चालू लागली. जिन्यात मला विचारलं, "आई कुठं हाय?"

दीड महिन्यात तिच्या तोंडून तिची मराठी मी पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, "घरी असेल ना."

असेल! तिला त्या क्षणी "असेल" नको होतं.

केबिनमध्ये मॅडमनी भाषणाचं सांगितलं. छकूने कागद घेतला, "ओके मॅम" म्हणाली, वॉशरूमला जाऊ का विचारलं आणि परत आली नाही. अर्ध्या तासाने मावशींना ती मागच्या नळावर सापडली. दप्तर पाठीवरच, तोंड धूत होती. एकदा धुवायचं, पुसायचं, पुन्हा धुवायचं. मावशींनी काही विचारलं नाही. आपल्या स्टुलावर बसवलं, अर्धा कप चहा आणि एक खारी दिली आणि मला बोलवायला स्वतः आल्या. माझं शिक्षण या विषयातलं, पण त्या दिवशी पहिली योग्य गोष्ट मावशींनी केली.

मधली सुट्टी संपेपर्यंत ती गप्प होती. मग तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. शेवटची ओळ खोडलेली. नुसती खोडलेली नाही, पेन इतक्या वेळा फिरवलेलं की तिथे कागद फाटून आरपार दिसत होतं. बाकी भाषणाला हातही लावला नव्हता.

"एवढं न्हाई म्हणणार मी," ती म्हणाली.

मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. आधीच्या स्टेशनात त्यांच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. एका दुपारी दोन मॅडम जिना चढून गेल्या, एक साहेबांची बायको, दुसरी आवाची. आवा म्हणजे सैनिकांच्या पत्नींची संघटना. त्या आधार द्यायलाच येतात, रात्र रात्र सोबत बसतात. पण क्वार्टरमधल्या पोरांना एवढंच ठाऊक असतं की अवेळी दोघी एकदम दारात आल्या की काय ते. छकू तेव्हा काकूंकडेच खेळायला गेलेली. "काकूंनी काईच विचारलं न्हाई. आदी गॅस बंद केला." भाजी कुठली होती तेही तिला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी काकूंची बॅग भरली गेली, गावी जाण्यासाठी.

"बॅग भरायलाच लागती मागनं," ती म्हणाली, "म्हणून मी आदीच भरली."

मी तिच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी. मला काही सुचलं नाही. ती भाषणाच्या कागदाकडे बघत होती. "हे 527 लिवलंय न्हवं, एवढ्या समद्यांच्या घरी कोण गेलं असंल?"

तसं काही होणार नाही, वेडी आहेस का, असं म्हणायचा मोह झाला. पण त्याची खात्री मी कुठून देणार? आणि ती पोर मूर्ख नव्हती. मी विचारलं, आप्पांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, फोन कधी आला होता? तिने गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीचे ठिपके, एका ओळीत. अकरा.

ताईंना फोन लावला. त्या दहा मिनिटांत पोचल्या, ओल्या छत्रीसकट. तेव्हा कळलं की आप्पांनी निघतानाच बायकोला सांगितलं होतं, पुढच्या चौकीवर चाललोय, पंधरा-वीस दिवस रेंज नसेल, काळजी करू नको. ताईंनी ते पोटात ठेवलं. "तिला कशापायी घोर लावायचा, म्हणून सांगितलं न्हाई मॅडम." आणि लेक तिकडे आईला घोर नको म्हणून गुपचूप ठिपके काढत होती. दोघी एका खोलीत राहतात. एकमेकींना जपण्यात अकरा दिवस गेले.

छकू आईवर जी चिडली! वीस दिवस हे आधी सांगितलं असतं तर मी वीसच चौकोन आखले असते, म्हणाली. मला ते फार पटलं. मुलांना खोटा धीर नको असतो, आकडा हवा असतो. तिथेच बसून तिने वहीत नऊ रिकामे चौकोन आखले.

मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघी..." आणि वाक्य तिथेच सोडलं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, भाषणाचं काय करायचं? 26 तारखेला आठवीतल्या एका मुलाने ते वाचलं, शेवटच्या ओळीशिवाय. मराठीच्या बाई दोन दिवस माझ्याशी जरा तुटक वागल्या. त्यांचंही बरोबर, ओळ त्यांनी प्रेमानेच लिहिली होती. पण "शूर बापाची लेक" म्हणून पोरीला एकदा स्टेजवर उभं केलं की तिला घाबरायला जागा कुठे उरते? शिवाय हीच शूर बापाची लेक जूनमध्ये आमच्या खिडकीशी तीन खेपा उभी होती, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. छकू कार्यक्रमात पाचव्या रांगेत बसली होती आणि शेजारणीच्या वेणीचा रबर ओढत होती.

नंतर आम्ही काही बारीकसारीक गोष्टी ठरवल्या. तिला वर्गातून बोलवायला मोठ्यांपैकी दोघांनी कधी जायचं नाही. जायचं ते मावशींनी, एकटीने, आणि दारातच आधी कारण सांगायचं. शाळेत मोबाईल चालत नाही, पण तिकडे रेंज कधी मिळेल ते आप्पांच्या हातात नव्हतं, म्हणून ताईंनी ऑफिसचा लँडलाइन नंबर त्यांना कळवला. ऑफिसातले भाऊ कुरकुरले, मग स्वतःच फोनशेजारी चिठ्ठी चिकटवली: "सातवी ब, आर्मी, ताबडतोब."

सोळाव्या चौकोनाला ताईंच्या मोबाईलवर फोन आला, रात्री. उरलेले चार चौकोन छकूने रंगवून टाकले.

शाळेचा फोन तिच्यासाठी पहिल्यांदा वाजला तो ऑगस्टमध्ये, घटक चाचणी चालू असताना. गणिताचा पेपर. मावशी धावत वर गेल्या आणि दारातूनच ओरडल्या, "फोन आलाय, चांगलाय!" अख्ख्या वर्गाने मान वर केली. छकू पेन हातात धरूनच खाली आली. मी ऑफिसात बोनाफाईडच्या गठ्ठ्यावर सह्या झाल्यात का ते बघत होते. फौजेतल्या माणसाला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळवायलाही शाळेचा कागद लागतो, त्यात तिचाही होता.

तिने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून काहीतरी लांबलचक विचारणं चाललं असावं. ही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"व्हय आप्पा. व्हय, जेवली. आप्पा, ऐका की, गुणोत्तराचा पेपर चाललाय माजा, दोन गणितं ऱ्हायल्यात. संध्याकाळी करा." आणि ठेवून दिला.

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, तो माणूस कुठल्या डोंगरावरून फोन लावतोय, आणि ही..."

छकू तोवर अर्धा जिना चढली होती.