घरच्या घरी कोल्ड ब्लूइंग: पट्टे का पडतात आणि रंग कसा धरतो

बंदुकीच्या पोलादी भागांना बाटलीतलं थंड द्रावण लावून काळा निळसर रंग देणं म्हणजे कोल्ड ब्लूइंग. ते बिघडलं की लोक बाटली बदलतात. बहुतेक वेळा बाटलीचा काही दोष नसतो. पोलादावर कुठेतरी तेलाचा अंश राहिलेला असतो आणि तिथे द्रावण धातूपर्यंत पोहोचतच नाही.

आधी हे द्रावण करतं काय ते पाहू. बाजारातल्या बहुतेक द्रावणांत सेलेनियस आम्ल, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि थोडं नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे द्रावणातलं तांबं पोलादावर बसतं, सेलेनियमशी त्याचा संयोग होतो आणि कॉपर सेलेनाइडचा काळा निळसर थर तयार होतो. हॉट ब्लूइंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलादाचाच मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, होतो. तो थर धातूतूनच उगवलेला असतो. कोल्ड ब्लूचा थर वरून बसलेला, पातळ, आणि हाताळणीने झिजणारा. म्हणून झिजलेल्या कडा, ओरखडे, स्क्रूची डोकी, छोटे सुटे भाग यांसाठी तो उत्तम. बंदुकीच्या अख्ख्या नळीसाठी मी तो सुचवणार नाही.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमवर साधं कोल्ड ब्लू चालत नाही. पृष्ठभाग कडक केलेल्या भागांवर रंग फिका किंवा ठिपक्याठिपक्यांचा येतो.

बंदूक रिकामी आहे हे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघून, बोट घालून तपासा. मग भाग पूर्ण सुटा करा. स्क्रू आणि पिना काढाच, कारण त्यांच्या भोकांत जुनं तेल दडलेलं असतं. भाग गरम केला की ते पातळ होऊन बाहेर येतं आणि भोकापासून खाली ओघळत गेलेली फिकी रेघ कायमची उमटते. नळीची आतली बाजू आणि चेंबर यांना द्रावण लागू द्यायचं नाही; दोन्ही तोंडं रबरी बुचाने बंद करा.

गंज आणि जुना ब्लू काढायला फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक किंवा पांढरं व्हिनेगर पुरे. हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा: त्याचे क्लोराइड मागे राहून पुन्हा गंज आणतात, आणि स्प्रिंगसारखं कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं. मग २२०, ३२०, ४०० असा पॉलिश पेपर, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, एकाच दिशेने. नुसत्या बोटाने घासलं तर कडा गोल होतात. क्रमांक आणि शिक्क्यांवर पेपर अजिबात फिरवायचा नाही. ब्लू ओरखडे झाकत नाही, उलट उठावदार करतो.

आता नायट्राइलचे हातमोजे घाला आणि ते शेवटपर्यंत काढू नका. ॲसिटोनने भाग दोनदा पुसा, दर वेळी नव्या कापडाने. मग साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने धुवा. परीक्षा सोपी आहे. भाग पाण्याखालून काढून तिरपा धरा. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर धातू स्वच्छ. जिथे तो फाटून थेंब होतात तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. पुढे घासायला लागणाऱ्या स्टील वूललाही (बारीक पोलादी तंतूंचा बोळा) कारखान्यातून तेल लावलेलं असतं, तेव्हा ०००० नंबरचं वूल आधी ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवून घ्या. ही पायरी हमखास विसरली जाते.

हेअर ड्रायरने भाग कोमट करा, हातात सहज धरवेल इतकाच. जास्त तापला तर द्रावण लागताक्षणी सुकतं आणि पट्टे पडतात. द्रावण वेगळ्या वाटीत काढा, कापडाचा बोळा ओला करून सलग लांब हात फिरवा, आणि पृष्ठभाग साधारण मिनिटभर ओला ठेवा. थंड पाण्याने धुवा, वाळवा, ०००० वूलने हलकं घासा. पहिला हात राखाडी, डागाळलेला दिसणारच. रंगाला खोली तिसऱ्या-चौथ्या हाताला येते. तांबूस झाक आली तर द्रावण फार वेळ राहिलं किंवा फार साचलं आणि मोकळं तांबं वर बसलं. ते वूलने उतरवून पुढचा हात पातळ द्या. नुसता एखादा भाग दुरुस्त करायचा असेल तर दर हाताला जुन्या रंगात थोडं पुढे जा, म्हणजे सांधा दिसत नाही.

शेवटी पाण्यात खायचा सोडा घालून भाग धुवा. आम्ल राहिलं तर एका रात्रीत लालसर धूळ धरते. वाळवून भरपूर तेल लावा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुसा. पुढचे काही दिवस रोज बघा, विशेषतः भोकांच्या आणि कोपऱ्यांच्या आसपास.

सेलेनियमची संयुगं विषारी आहेत. काम मोकळ्या हवेत करा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, वाटीतलं उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका. त्यात लोखंड मिसळलेलं असतं आणि अख्खी बाटली नासते. ते मोरीत न ओतता झाकणबंद बाटलीत साठवा आणि घातक रसायनांच्या कचऱ्यात द्या.