मॉरिशसला धंद्याच्या कामाने : करार कागदावर कसा आणि दुकानात कसा दिसतो

मॉरिशसला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी बीचचे फोटो मागतात, तर सांगून टाकतो, बीच फार थोडा बघितला. छोट्या उत्पादकांच्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो. भारत-मॉरिशस व्यापार करार झालाय झालाय असं आपण केव्हापासून ऐकतोय, पण त्यातनं आपल्यासारख्याच्या हाताला नेमकं काय लागतं हे स्वतः बघायचं होतं. माझं मत आधीच देतो म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको : दोन देशांची मैत्री खरी आहे, जुनी आहे, जागोजागी दिसते, पण ऑर्डर तिच्या जोरावर मिळत नाही. ऑर्डर मिळते ती सर्टिफिकेट, लेबल आणि वेळेवर पाठवलेल्या कोटेशनवर.

करार म्हणजे सीईसीपीए, दोन देशांमधला सर्वसमावेशक आर्थिक सहकार्य आणि भागीदारी करार. २२ फेब्रुवारी २०२१ला सह्या झाल्या आणि १ एप्रिल २०२१पासून लागू झाला. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाबरोबर भारताने केलेला हा पहिला व्यापार करार. आपल्या ३१० वस्तूंना तिथे सवलत, त्यांच्या ६१५ वस्तूंना आपल्याकडे, शिवाय सर्व्हिसवाल्यांसाठी ११५ उपक्षेत्रं उघडली आहेत. आता यातली मेख अशी की ३१० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण तुमचा माल त्यात आहे का हे एचएस कोड (कस्टममध्ये मालाच्या प्रकाराला असलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) लावून बघेपर्यंत काहीच कळत नाही, आणि आमच्यातले निम्मे लोक विमानात बसेपर्यंत हे न बघताच आले होते. एकाला तिथल्या आयातदाराने पाच मिनिटांत सांगितलं की अहो तुमच्या वस्तूवर तसंही आमच्याकडे शुल्क नाहीये, करार असो नसो. मॉरिशसने बऱ्याच वस्तूंवरचं आयात शुल्क स्वतःहूनच काढून टाकलेलं आहे त्यामुळे असं होतं. म्हणून घरातून निघायच्या आधी दोन गोष्टी शोधा, कोड यादीत आहे का आणि सवलतीशिवायचा दर किती आहे. सवलतीच्या आणि साध्या दरात फरकच नसेल तर कराराचं नाव घेऊन मीटिंगमध्ये भाषण देऊ नका.

सवलत लागू असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच तयार झाल्याचा दाखला, लागतंच, ते आपल्याकडून डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) ऑनलाइन सिस्टिमवर निघतं. माल जहाजावर चढल्यावर धावपळ करण्यापेक्षा रजिस्ट्रेशन आधीच करून ठेवा. आणि परदेशातून आणलेल्या मालावर नुसतं पॅकिंग बदलून तो भारतीय म्हणून पाठवायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर सोडा, ओरिजिनचे नियम त्यासाठीच आहेत.

जायचं-यायचं थोडक्यात सांगतो. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास. वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारतीय पासपोर्टला व्हिसा उतरल्यावर मिळतो, पण रिटर्न तिकीट आणि राहायच्या जागेचा पुरावा हातात ठेवा, प्रवासाआधीचा ऑनलाइन फॉर्मही भरून टाका. मीटिंगसाठी आलोय तर तसंच सांगा, टुरिस्ट म्हणून घुसायची काही गरज नाहीये, बोलावणाऱ्या कंपनीचं पत्र असलं की काम सोपं होतं. मात्र तिथे राहून कमवायचं असेल तर ऑक्युपेशन परमिट लागतं, ती वेगळी भानगड. एअरपोर्ट आग्नेयेला आणि पोर्ट लुई वायव्येला म्हणजे सगळं बेट पार करावं लागतं, उतरल्या उतरल्या मीटिंग लावू नका. प्लगचा अडॅप्टर न्या, तिथे ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही प्रकारची सॉकेट आहेत. जानेवारी ते मार्च चक्रीवादळाचा सीझन, तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की ऑफिसं, दुकानं सगळं बंद आणि तुम्ही हॉटेलात. १२ मार्च त्यांचा राष्ट्रीय दिवस (१९६८ साली स्वातंत्र्यासाठी ही तारीख दांडीयात्रेवरून निवडली), त्या आठवड्यात आपले पाहुणे, समारंभ वगैरे बघायला छान पण आयातदार भेटणं अवघड.

पोर्ट लुईत फिरताना दोन देशांचे संबंध म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं. मेट्रो एक्स्प्रेसने जा, टॅक्सी नको. २०१६ला भारताने ३५.३ कोटी डॉलरचं पॅकेज दिलं होतं, त्यात ही मेट्रो, सुप्रीम कोर्टाची नवी इमारत, ईएनटी हॉस्पिटल, घरं आणि शाळेतल्या मुलांसाठी टॅब्लेट असे पाच प्रकल्प होते. मेट्रोचं बांधकाम एल अँड टीचं, पहिल्या टप्प्याचं उद्घाटन २०१९च्या ऑक्टोबरमध्ये झालं, नंतर क्युरपीपपर्यंत गेली, एक फाटा एबेनवरून रेद्विला जातो. एबेन म्हणजे सायबर सिटी, तीही भारताच्या मदतीने उभी राहिली, बँका आणि आयटीवाल्यांच्या भेटी बहुतेक तिथेच होतात. इंडियन ऑइलचे पेट्रोल पंप, बँक ऑफ बडोदा, स्टेट बँक, एलआयसी, सगळ्या ओळखीच्या पाट्या. पहिल्या दिवशी जाम भारी वाटतं.

मग सुपरमार्केटमध्ये जा. खरंच जा, हा सल्ला मी सगळ्यात वर ठेवीन, पहिल्या मीटिंगच्या आधी दोन तास फक्त शेल्फ बघत फिरा. फ्रान्सचा माल, दक्षिण आफ्रिकेचा माल, चीनचा माल आणि आपला माल तांदूळ, मसाले, डाळी अशा ठरलेल्या कोपऱ्यात. आपल्याकडून मोठ्या प्रमाणात जातं ते म्हणजे पेट्रोलियम, औषधं, धान्य, सुती कापड. प्रोसेस्ड फूड, किचनवेअर, कॉस्मेटिक्स यात जागा आहे असं मला तरी वाटलं, पण ती मिळवायची तर पॅकिंग फ्रेंच मालाच्या शेजारी उभं राहिलं पाहिजे. लेबल इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवं, नुसतं हिंदी लेबल चालणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६पासूनच बंदी आहे आणि एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवरही बंधनं आहेत तेव्हा तुमचं पॅकिंग काय आहे ते आधीच विचारून घ्या. चीनचा त्यांच्याशी करार १ जानेवारी २०२१ला लागू झाला, म्हणजे आपल्या तीन महिने आधी, हे पण लक्षात असू द्या, तिथला आयातदार दोन्हीकडचे भाव समोर ठेवूनच बसलेला असतो.

सँपल नेताना सोबत साधं इनव्हॉइस ठेवा, त्यावर नमुना, विक्रीसाठी नाही असं लिहा. बियाणं, रोपं, कच्चा शेतमाल मात्र परवानगीशिवाय बॅगेत टाकूच नका, बेट आहे, कीड-रोगाबाबत फार कडक आहेत. आमच्यातल्या एकाची सँपलची बॅग मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी आली, तेव्हापासून मी म्हणतो निम्मे नमुने हँडबॅगेत घ्या.

भेटी कोणाच्या घ्याव्यात? इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड आणि मॉरिशस चेंबर ऑफ कॉमर्स, दोन्ही पोर्ट लुईत. चेंबर १८५०चं आहे, जुनी संस्था, सभासद आयातदारांशी गाठ घालून देतात. आपल्या उच्चायोगाच्या व्यापार विभागाला निघायच्या काही आठवडे आधी ईमेल करा, प्रॉडक्ट आणि कोड एका पानात लिहून, वीस पानांचा कॅटलॉग कोणी उघडत नाही. कागदपत्रं इंग्रजीत चालतात, गप्पा क्रिओल आणि फ्रेंचमध्ये, हिंदी-भोजपुरी समजणारे खूप भेटतात पण समोरच्याचं आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून लगेच हिंदी सुरू करू नका, त्यांनी सुरू केली तर बोला. दुपारी चारनंतर ऑफिसं रिकामी होतात आणि गावाबाहेर ट्रॅफिक लागतो, मीटिंगा सकाळीच लावा.

आणि क्वांटिटीची अपेक्षा जरा खाली आणा. सगळ्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तिथे कोणी एका वस्तूचा अख्खा कंटेनर मागत नाही, चार-पाच जणांचा माल एकत्र करून मिक्स कंटेनर पाठवणं हेच जमतं. आमच्या ग्रुपचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला, वेगवेगळे गेलो असतो तर एकालाही भाडं परवडलं नसतं.

पैशाचं. फेब्रुवारी २०२४पासून तिथे यूपीआय सुरू आहे, रुपे कार्डही. ॲपमध्ये इंटरनॅशनल पर्याय इथूनच चालू करून जा, आणि प्रत्येक दुकानात चालेलच असं धरू नका, थोडी रोकड ठेवा. त्यांचा रुपया आपल्या दोन रुपयांच्या जरा खाली धरला की हिशोब जमतो. धंद्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे मार्च २०२५मध्ये रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ मॉरिशस यांच्यात स्थानिक चलनात व्यवहार करण्याचा करार झाला, म्हणजे मधे डॉलर न आणता रुपयात बिल करण्याची वाट. तुमच्या बँकेच्या शाखेत याची माहिती असेल याची काही खात्री नाही, फॉरेक्सवाल्या माणसालाच गाठून विचारा. आणि कोणी तिथे कंपनी काढून टॅक्स वाचवायचं स्वप्न दाखवत असेल तर २०१६ला दोन देशांमधला कर करार बदललाय हे त्याला सांगा, १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारतात कर लागतो.

एक दुपार मात्र काढाच, पोर्ट लुईतल्या आप्रवासी घाटासाठी. १८३४पासून गिरमिटिया मजूर इथेच उतरले, २००६ला युनेस्कोच्या यादीत आलं. त्यात मराठी माणसंही होती, आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सुट्टी असते, कॅस्काव्हेलला महाराष्ट्र भवन आहे. तिथली मराठी मंडळी प्रेमाने बोलतात पण ती मॉरिशसची माणसं आहेत, पाच-सहा पिढ्या झाल्या. आमच्यातल्या एकाने ओळख होताच कॅटलॉग पुढे केला तेव्हा मला कसंतरीच झालं. त्यांच्याकडे जाल ते गप्पा मारायला जा.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला कोटेशन पाठवा, सीआयएफ पोर्ट लुई भावात (भाडं आणि विमा धरून), एफओबी (आपल्या बंदरापर्यंतचाच भाव) नको, छोट्या आयातदाराला भाड्याचं गणित स्वतः करायचं नसतं. मी पाठवली, दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकाने लेबल फ्रेंचमध्ये करून मागितलंय, ते काम सध्या चालू आहे.