ॲशबोर्न ते पार्स्ली-हे

आज इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये दिवसभर सायकल. 13 मैल, वाटेवर मोटार नाहीच! जुनी रेल्वे बंद पडली, रूळ निघाले, 1971 मध्ये त्याचीच टिसिंग्टन ट्रेल झाली. चढ इतका हलका की डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना बरोबर कळतो. दोन्हीकडे मेंढ्या आणि नुसते दगड रचून केलेले बांध.

टिसिंग्टन गावात नेमक्या विहिरी सजवल्या होत्या. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशीची प्रथा. ओली माती थापलेल्या फळ्या, त्यात एकेक पाकळी दाबून केलेलं चित्र. अगदी जवळ जाऊन पाहिलं, एक निळी पाकळी कडेने सुकायला लागलेली. आईची रांगोळी आठवली.

तिथले एक आजोबा म्हणाले, "परतताना पॅडल मारायला नको, उतारच आहे." उतार होता. समोरून वारा असेल हे नाही सांगितलं त्यांनी!