कूलरचं पाणी आणि माझी चवळी

नागपुरात गच्चीवर भाजी लावते म्हटलं की लोक मार्चपर्यंत कौतुक करतात आणि एप्रिलपासून कीव. आमची गच्ची पश्चिमेला उघडी. दुपारी दोनला चप्पल विसरून वर गेलं की नाचतच खाली यावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात 22 काळ्या ग्रो बॅग होत्या. टमाटे, वांगी, भेंडी, गवार, चवळी आणि थोडा सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. सांभार एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात गेला, तो जाणारच होता. डोक्याला ताप दिला तो चवळीने. ती उन्हाचीच भाजी, तिला काय होतंय, अशा भरवशावर मी होते. पण महिनाअखेरीस पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या. शिरांजवळ हिरवं, कडेला जळलेलं.

पाणी कमी पडतंय, दुसरं काय? भर दुपारी सगळ्याच झाडांनी माना टाकल्या की मी बादली घेऊन वर. सासूबाई वर्धेकडच्या. दोन दिवस त्यांनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी जिन्यातच अडवलं. "काहून एवढं पाणी ओततं वं? त्याईले तहान नाई लागली, ऊन लागलं. सांजच्यानं पाय, उभे राहतीन."

संध्याकाळी खरंच उभे! दुपारी पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, ऊन उतरलं की भरून निघतं. तेव्हापासून सकाळी सहाला पानं पाहायची, बोट दोन पेरं मातीत घालायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी. तेही नळीतलं आदल्या दिवशीचं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडून.

वांगी, भेंडी सावरली. चवळी नाही.

मग एकदा लक्षात आलं की आजारी बॅगा सहाच आहेत आणि सहाही जिन्याच्या दाराशी. कूलरची टाकी साफ केली की उरलेलं पाणी मी तिथेच रिकामं करायची. पाणी वाया घालवत नाही म्हणून वर अभिमान! बॅगेच्या काठावर पांढरा थर होता, नखाने खरवडला तर टाकीला धरतो अगदी तोच. कूलरमधून हवेत जातं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. आमचं बोअरचं पाणी मुळातच जड, त्यात रोज वरून भर घालायची. तळाशी उरतो तो अर्क, आणि तो मी चवळीला पाजत होते.

प्रत्येक बॅगेला नळाच्या पाण्याच्या दोन-दोन बादल्या, सावकाश, खालच्या भोकांतून चांगलं निथळेपर्यंत. चार दिवसांनी पुन्हा एकदा. दोन बॅगा गेल्याच. चारांना पंधरवड्यात नवी पानं आली, कडा स्वच्छ. कूलरच्या ताट्यांतलं जुनं गवत आच्छादनाला वापरायचा बेत होता, पण हातात घेतलं तर क्षाराने कडक, काडीसारखं मोडणारं. ते कचऱ्यात. त्याऐवजी कॉलनीतल्या कडुनिंबाचा पालापाचोळा चार बोटं जाड पसरला, बॅगांभोवती बारदान गुंडाळलं. हिरवी नेट 50 टक्के सावलीची, पण झाडांच्या डोक्यावर टेकू न देता बांबूवर उंच बांधली, नाहीतर खाली वाफ कोंडते.

टमाट्यांची फुलं मात्र गळतच राहिली. रात्रीसुद्धा गच्ची निवत नव्हती, अशा उष्म्यात पराग निकामी होतात, खत घालून काही उपयोग नसतो. निम्मी झाडं छाटून नेटखाली ठेवून दिली.

25 मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तेव्हा गच्चीवर तोऱ्यात होती ती गवार. दर तिसऱ्या दिवशी ओंजळभर शेंगा. घरात गवार कुणालाच आवडत नाही, सासूबाई सोडून. कूलरच्या पाण्याने आता फाटकासमोरचा रस्ता भिजतो. छाटलेल्या टमाट्यांना पाऊस सुरू झाल्यावर फुलं आली, पहिलं फळ लाल झालं आणि बुलबुलाने फोडलं.