तिसऱ्या सिलिंडरमधला टवका

स्पार्क प्लग बदलणं तसं घरच्या घरी होण्यासारखं काम. प्लगच्या डोक्यावर बसलेल्या, त्याला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचा बोल्ट सोडवा, कॉइल वर ओढा, प्लगपाना घाला, फिरवा. पहिले दोन प्लग विनातक्रार निघाले, म्हणून तिसऱ्याला मी जरा सैलावलो. पाना पूर्ण खाली बसलाय का हे न बघताच जोर लावला, तो तिरका झाला आणि 'कट्' असा आवाज आला. प्लगचा वरचा पांढरा, चिनी मातीचा भाग मोडला होता.

खरं तर इथवर काहीच बिघडलं नव्हतं. प्लग एका खोल विहिरीच्या तळाशी बसलेला असतो. तुकडे त्या विहिरीत पडले होते आणि सिलिंडरचं तोंड प्लगनेच बंद होतं. लांब चिमट्याने मोठे तुकडे वेचले, टॉर्च मारला, सगळं साफ वाटलं आणि मी प्लग काढला. विहिरीत हवेचा झोत मारायला दोन मिनिटं लागली असती. ती वाचवली. प्लग वर येता येता आतून बारीकसा 'टिण्' ऐकू आला.

मित्राला फोन केला. "सेल्फ मार, सायलेन्सरमधून जाईल निघून," तो म्हणाला. काजळीचा पापुद्रा असता तर कदाचित गेलाही असता. पण प्लगची ही चिनी माती म्हणजे अ‍ॅल्युमिना, सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण. पिस्टन वर आला की त्याची कड आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, यांच्यात साधारण मिलिमीटरभर जागा उरते. तिथे टवका सापडला तर पिस्टनला खड्डा पडणार. व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणार नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला वाकवूही शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली, म्हणजे मलाच मोह व्हायला नको.

मग पांढऱ्या कागदावर सगळे तुकडे मांडून फुटक्या कपासारखे जुळवत बसलो. अर्धा तास गेला, पण त्या अर्ध्या तासाने नेमकं सांगितलं की करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा एक टवका कमी आहे, आणि त्याच्या कडेला थोडा चुरा. आत काहीतरी पडलंय एवढंच माहीत असणं आणि केवढं पडलंय हे माहीत असणं यात फार फरक पडतो.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा उसना आणला. पिस्टनच्या माथ्यावरच्या काजळीत टवका पांढराशुभ्र दिसला, पण अगदी भिंतीलगत. म्हणजे इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा विचारही सोडायला हवा होता, कारण तो कडेच्या फटीत रुतला असता.

चुंबकाची काठी इथे बिनकामाची. तारेच्या टोकाला ग्रीस लावून पाहिलं. दोनदा टवका चिकटला आणि दोन्ही वेळा वर येताना भोकाच्या आट्यांना घासून परत खाली पडला. तेव्हा तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

शेवटी व्हॅक्यूम क्लीनर. त्याची नळी कुठली आत जायला? पातळ, पारदर्शक प्लास्टिकची नळी चिकटपट्टीने तिच्या तोंडाला जोडली आणि सांध्यात जुन्या मोज्याचं पातळ कापड ताणून बसवलं, नाहीतर टवका पोटात गेला की नाही हे कळणारच नाही. मात्र लगेच चालू केला नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ असू शकते आणि व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. काढलेल्या प्लगांच्या भोकांवर नुसतं सुती कापड टाकून गाडी रात्रभर मोकळ्या हवेत ठेवली.

सकाळी तिसऱ्या खेपेला नळीतून 'टक्' असं काहीतरी वर गेलं. कापडावर टवका! कागदावरच्या जागेत तो चपखल बसला. फक्त कडेचा चुरा अजून कमी होता. परत नळी घातली, परत कॅमेरा, असं चार-पाच वेळा. वाळूएवढे दोन कण मिळाले.

चौथा प्लग अजून जागेवरच होता. त्याच्या विहिरीत गॉगल लावून इतका वेळ हवा मारली की शेजारी विचारायला आले. मग तो काढला, गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे पाहिलं आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. चारही सिलिंडरचं एक चक्र व्हायला तेवढे लागतात. कान देऊन ऐकलं. खरखर नाही, अडखळणं नाही. त्यानंतर बॅटरी जोडली, इंजेक्टरचा फ्यूज काढून ठेवला आणि कॉइल सुट्या असतानाच काही सेकंद सेल्फ मारला, म्हणजे उरलीसुरली धूळ उघड्या भोकांतून उडावी. शेवटी काँप्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं. तिसऱ्याचा आकडा बाकी तिघांच्या बरोबरीचा आला.

नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी बसवले, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळले. इंजिन पहिल्याच सेल्फला चालू झालं. ऑइल आणि फिल्टर मुदतीआधीच बदलले, गरज होती म्हणून नाही, माझी झोप उडाली होती म्हणून. चिकटवलेला तो प्लग आता हत्यारांच्या डब्यात आहे. त्याच्या कडेला बारीकशी फट आहे, तेवढी काही भरली नाही.