झेंडा आधी, जहाज नंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी जहाजांची छोटी मॉडेल्स बघणारे बहुतेक जण शेवटी याच प्रश्नावर येतात: किटच्या, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या, खोक्यात झेंडे असतातच, मग वेगळे का घेता? आणि तेही जहाजाचं किट घ्यायच्या आधी?

कारण झेंड्यावरून तारीख ठरते. अमेरिकेच्या झेंड्यावर १९१२ पासून ४८ तारे होते. ४ जुलै १९५९ ला ४९ झाले आणि पुढच्याच वर्षी ५०. १९४१ मध्ये बुडालेल्या 'ॲरिझोना' या अमेरिकी युद्धनौकेवर ५० ताऱ्यांचा झेंडा चढवला, तर बाकी काम कितीही अचूक असो, ते १९४१ चं जहाज राहत नाही. भारताच्या पहिल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाचंही तसंच. १९७१ ची 'विक्रांत' करायची तर पांढऱ्या कापडावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला नौदलाचा ध्वजच हवा. निळ्या अष्टकोनाचा ध्वज २०२२ मध्ये आला, तोवर ती भंगारात निघाली होती.

एकदा तारीख पक्की झाली की खरेदीचे निम्मे निर्णय तिथेच होतात. युद्धनौकेची रंगसंगती, रडार, विमानविरोधी तोफा हे सगळं दर काही महिन्यांनी बदलत असे. ब्रासचे फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ पत्र्याचे) भाग, धातूच्या तोफनळ्या, लाकडी डेक या जादाच्या गोष्टी सुंदर असतात आणि घेण्याचा मोह होतोच; पण आपल्या तारखेला जे त्या जहाजावर नव्हतं ते घेऊन करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की जादाच्या सामानात पहिला मान चांगल्या डिकल शीटचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांच्या कागदाचा. बघणाऱ्याची नजर आधी झेंड्यावर जाते, रेलिंगवर नंतर.

तारखेनंतर वारा. शिडाच्या जहाजावर झेंडा मागे फडकताना दाखवतात, ते मला बघवत नाही. शिडं पुढच्या बाजूला फुगली आहेत, म्हणजे वारा मागून येतोय; मग झेंडाही पुढेच उडणार. वाफेच्या किंवा डिझेलच्या जहाजाचं गणित वेगळं. हवा पडलेली असेल तर जहाजाच्या स्वतःच्या वेगाने झेंडा मागे जातो, आणि चिमणीतून धूर दाखवलात तर तोही त्याच दिशेने गेला पाहिजे. शिवाय जहाज उभं आहे की चाललंय? ब्रिटिश आणि अमेरिकी नौदलांत नाळेवरचा (जहाजाच्या पुढच्या टोकावरचा) छोटा झेंडा, म्हणजे जॅक, एरवी जहाज नांगरलेलं किंवा धक्क्याला बांधलेलं असतानाच दिसतो. खाली लाटा कोरायच्या आणि नाळेवर जॅक लावायचा, हे जमत नाही.

आता कागदी झेंडा का लावत नाही, तेही सांगतो. साधा छपाईचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. १/३५० च्या स्केलला, म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजाच्या ३५० पट लहान असताना, ती जाडी खऱ्या मापात ३५ मिलिमीटर होते, १/७०० ला ७० मिलिमीटर. एवढ्या जाडीचं कापड कुठल्या वाऱ्याने हलेल? स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ०.०१६ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून मी डिकल फॉइलवर चढवतो. फॉइल झेंड्यापेक्षा मोठी कापायची, काचेवर बोटाने सपाट करायची, एका बाजूला डिकल लावून पूर्ण वाळू द्यायचं, मग उलटून दुसरी बाजू. इथे सांभाळायचं ते आरसाप्रतिमेचं. ताऱ्यांचा चौकोन दोन्ही बाजूंनी काठीलगतच यायला हवा, म्हणजे मागच्या डिकलमध्ये तो उजवीकडे हवा. शीट घेताना मी हे आधी बघतो. नंतर नव्या ब्लेडने कडा कापायच्या आणि उघडी पडलेली चंदेरी रेघ त्या-त्या रंगाने झाकायची.

चुण्या पाडणं हा माझा सर्वांत आवडता भाग. नालीदार पत्र्यासारख्या सारख्या अंतराच्या उभ्या लाटा खऱ्या झेंड्याला क्वचितच पडतात. कापडाचा भार काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यावर लटकतो, त्यामुळे चुण्या तिथून तिरक्या खाली उतरतात. ब्रशच्या दांड्यावर फॉइल हलकेच तिरकी वळवली की तसंच वळण येतं. डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) लावून सावकाश वळवा, घाई केली तर शाई तडकते. छापील रंग एवढ्याशा आकारात फार भडक दिसतात. करड्या रंगाचा अगदी पातळ हात चुण्यांच्या खोलात द्यायचा आणि वर मॅट वॉर्निश.

युद्धखेळांतल्या २८ मिलिमीटर उंचीच्या छोट्या सैनिकांच्या झेंड्यांसाठी मात्र मीही कागदच वापरतो. हे सैनिक खेळताना सतत हाताळले जातात आणि फॉइल लगेच चेपते. कागद मधोमध दुमडून काठीभोवती घ्यायचा, पांढरा गोंद लावायचा आणि गोंद ओला असतानाच वळण द्यायचं. आकाराला घाबरू नका. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाची निशाणं जवळपास साडेसहा फूट लांब आणि सहा फुटांहून उंच असत. या स्केलला ती साधारण ३५ मिलिमीटर भरतात. निशाण सैनिकापेक्षा मोठं दिसलं तर ते बरोबरच आहे, कापून लहान करू नका.